आवाहन : लेश-नायहन सिंड्रोम असलेल्या मुलांना सोबत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

आमच्या पालक गटातल्या एका मुलाच्या दोन्ही कोपरांना स्प्लिंट, म्हणजे हात वाकू न देणारे पट्टे, असतात. आंघोळीसाठी त्यांचा वेल्क्रो चर्रकन उघडला की तो घाबराघुबरा होतो. हात मोकळे झाले की बोटं तोंडात जाणार आणि आपणच ती चावणार, हे त्याला ठाऊक असतं. दुखतं त्यालाही, आपल्याइतकंच. "बांध, लवकर बांध!" असं तोच आईला ओरडून सांगतो. बघणाऱ्यांना आई निर्दयी वाटते. कृपया तसं समजू नका.

मायकेल लेश आणि विल्यम नायहन यांनी १९६४ मध्ये दोन भावांवरून या आजाराचं वर्णन केलं. साधारण ३,८०,००० जन्मांमागे एखादं मूल, बहुतेक मुलगेच. एचपीआरटी हे एन्झाइम नसल्याने शरीराला प्युरिन हा पेशींमधला घटक पुन्हा वापरता येत नाही आणि युरिक ॲसिड बेसुमार तयार होतं. लंगोटात नारिंगी वाळूसारखे कण दिसणं ही बरेचदा पहिली खूण. पुढे मान धरत नाही, हातपाय आपोआप पिळवटतात आणि अनेकदा सेरेब्रल पाल्सी समजून वर्षं जातात. ॲलोप्युरिनॉल या औषधाने मूत्रपिंडं आणि सांधे वाचतात, पण मेंदूवरच्या परिणामांवर ते चालत नाही. चावणं हा हट्ट नव्हे. रागावलं तर ते वाढतंच.

शिवणकाम येणाऱ्यांनी स्प्लिंटची मऊ कव्हरं शिवून द्यावीत. लाळेने ती रोज भिजतात, रोज धुतली जातात. कड विरली की कातडीला घासते. देणगीतून छातीपट्टा आणि चहूबाजूंनी गादी असलेल्या व्हीलचेअर घेऊ. आया, मावश्या, बहिणी यांच्या जनुक तपासणीलाही पैसे लागतात. दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बाईला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून कळतच नाही.

पण सगळ्यात जास्त गरज सोबतीची आहे. आठवड्यातून दोन तास या. ही मुलं बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त समजतात, खळखळून हसतात. एखादा फटका बसेल, शिवीही ऐकावी लागेल; मागोमाग कळवळून "सॉरी" येतं. त्या दोन तासांत आई झोपते.

पहिले काही दिवस आमच्यापैकी कुणीतरी शेजारी बसेल, स्प्लिंट बांधायला शिकवेल. यायचं असल्यास गटातल्या कुणाही पालकाला सांगा. देणगीची पावती मिळेल.

आपले,
पालक गटाचे सदस्य