ते पिल्लू शेजारच्याचं नव्हतं

चि. ऋतूस अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्यात मी फोन करून विचारलं होतं, शेजारच्या पोराला खारीचं पिल्लू सापडलंय, त्याला काय पाजायचं. ते पिल्लू आपल्याच पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीतलं होतं आणि त्याची आई मी मारली होती. फोनवर हे तोंडातून निघालं नाही, म्हणून लिहितोय.

डाळिंबाचं तुला ठाऊक आहे. खार अख्खं फळ खात नाही. चार दाण्यांसाठी भोक पाडते आणि ते फळ बाद. यंदा वैतागून मी बांधावर लोखंडी चाप लावले. दोन खारी सापडल्या, उकिरड्यावर टाकल्या, विसरून गेलो. दोन दिवसांनी मोटार चालू होईना म्हणून पेटी उघडली, तर आत काथ्या-कापसाचा गोळा आणि तीन पिल्लं. दोन गार पडलेली, मुंग्या लागलेली. तिसरं बोटाएवढं, डोळे मिटलेले, नुसतं तोंड उघडत होतं.

तू सांगितलेलं सगळं मी फवारणीच्या वहीत उतरवून घेतलं. आधी ऊब, मग दूध, गार पिल्लाला पाजायचं नाही. गाईचं दूध नको, हगवण लागते, कुत्र्याच्या पिल्लांची पावडर आणा. उताणं धरू नका, पालथं धरून थेंब थेंब, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कापसानं खालून पुसा, आई चाटते तसं, त्याशिवाय त्याला मुतता येत नाही. बुरशीनाशकाच्या प्रमाणाखाली हे सगळं लिहिलेलं आहे. बघशील तर हसशील.

दोन-दोन तासांनी पाजायचं होतं, रात्रीसुद्धा. मी गजर लावून उठायचो. तिसऱ्या रात्री तुझी आई कूस बदलून म्हणाली, "ऋतूच्या वेळी घरात गजर नव्हता वाटतं." मी काही बोललो नाही, ड्रॉपर धुवत बसलो. खरंच, तू तान्ही असताना मी एकदाही उठलो नव्हतो. तू रडायचीस ते मला ऐकू यायचं. झोपेचं सोंग घ्यायचो, सकाळी पाणी द्यायचं असतं म्हणून. त्या रात्री पिल्लाला पोटाशी धरून बसलो तेव्हा पहिल्यांदा कळलं, पहाटे तीन ते पाच हा वेळ किती लांब असतो. आईला दुसऱ्या दिवशी चहा करून दिला. ती म्हणाली, साखर जास्त झालीय.

अकराव्या दिवशी डोळे उघडले. पाठीवर तीन पट्टे. तुझ्या आजीच्या गोष्टीत रामानं तीन बोटं फिरवली होती. तू म्हणालीस, उत्तरेकडच्या खारीला पाच पट्टे असतात. म्हणजे तिकडं रामानं अख्खा पंजा फिरवला असणार.

तू सातवीत असताना आपण हेमलकशाला गेलो होतो, आठवतं? तिथं ती जुनी गोष्ट ऐकली होती, मारलेली माकडीण घेऊन निघालेले माडिया शिकारी आणि तिला अजून लुचणारं जिवंत पिल्लू. डॉ. प्रकाश आमट्यांनी ते मागून घेतलं आणि तिथून ते प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. तेव्हा मी म्हणालो होतो, कसली माणसं ही, लेकुरवाळीला मारतात. त्यांनी पोटासाठी मारली होती. मी डाळिंबाच्या पेटीसाठी मारली, आणि खाल्लीही नाही.

१९७२चा कायदा आहे, खार पाळता येत नाही, हे तू दोनदा बजावलंस. मला तरी कुठं पाळायची होती? कोंबड्यांचं जुनं डालगं लिंबाला टांगलं, तोंड उघडं ठेवलं. आठवडाभर रात्री झोपायला यायची. मग एक दिवस आली नाही. मी कंदील घेऊन खाली उभा राहिलो, हे तुझ्या आईला सांगू नकोस, तिनं बघितलंय तरी.

आता बांधावर सात-आठ खारी पळतात. त्यातली आपली कोणती ते ओळखू येत नाही, त्यामुळं चाप कुठंच लावता येत नाही. सगळे भंगारवाल्याला दिले. फळं जातात. कडेच्या दोन ओळींना कापड गुंडाळलंय, त्यानं थोडं थांबतं.

दिवाळीला येशील तेव्हा मोटार चालू करायला तूच पळशील. पेटी एकदम उघडू नकोस. आधी बाहेरून दोनदा वाजव, जरा थांब. आत परत काथ्या दिसायला लागलाय.

तुझे अण्णा