वाळूजच्या उस्तादांना, चारचौघांत

उस्ताद, सलाम.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत.

आमच्या शर्यतीच्या गाडीत हूप (गाडी उलटली तर छत पेलणारी पाइपची कमान), सीट, हार्नेस (ड्रायव्हरला सीटला आवळणारे पट्टे) सगळं बसवून झालं होतं. दुसऱ्या कुणी पैसे मोजून घेऊन चावी हातात ठेवली असती. तुम्ही ड्रायव्हरला हेल्मेट घालायला लावून सीटवर बसवलं, पट्टे इतके आवळले की खांदा सीटपासून सुटेना, आणि म्हणालात, "आता डोळे मिट. गाडी उलटी पडलीय, आत धूर आहे. कट-ऑफ दाब." कट-ऑफ म्हणजे गाडीची सगळी वीज तोडणारा स्विच. उजवा हात बरोबर पोचला. डावा चार बोटं अलीकडंच राहिला. आग विझवायच्या बाटलीची कडी तर कुठल्याच हाताला लागेना. पट्टा सैल असताना या दोन्ही वस्तू सहज हाताशी येत होत्या, आणि सगळे जण नेमकं तेव्हाच माप घेतात. तुम्ही काही न बोलता ग्राइंडर उचललात, दोन्ही ब्रॅकेट कापलेत, नव्या जागी बसवलेत आणि पुन्हा डोळे मिटायला लावलेत. दोन्ही हातांनी, न चाचपडता, दोन्ही गोष्टी सापडेपर्यंत तुम्ही ड्रायव्हरला उतरू दिलं नाही.

उस्ताद, आमच्या मनात घर करून बसलंय ते हेच.

त्याआधी मोठ्या शहरातल्या एका चकचकीत दुकानातून याच गाडीचं 'रेसिंग किट' बसवून आणलेलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही, पण काम काय होतं ते सांगायलाच हवं, कारण मराठवाड्यातली बरीच पोरं आता ऑटोक्रॉसच्या (घड्याळ लावून एकेक गाडी पळवायच्या शर्यतीच्या) नादाला लागली आहेत आणि असंच काम विकत घेत आहेत. तुम्ही त्या किटमधल्या पिंजऱ्याच्या (हूप आणि त्याला जोडलेल्या पाइपांच्या) पाइपाचा एक तुकडा कापून आतून नख फिरवलंत. नख शिवणीला अडलं. म्हणजे ईआरडब्ल्यू, पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला पाइप, गेट-ग्रिलवाला वापरतो तो. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांतल्या अपेंडिक्स जे, कलम २५३ प्रमाणे मुख्य हूपला बिनशिवणीचा, कोल्ड ड्रॉन (थंडच ओढून काढलेल्या) कार्बन स्टीलचा पाइप लागतो: ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० आणि २. जालना सळ्यांचं गाव, लोखंड आपल्याकडं कमी नाही, पण हा पाइप मागवावा लागतो. तुम्ही तो येईपर्यंत थांबायला लावलंत ते बरंच केलंत. वाकवलाही थंडच. बाकाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे ४५ च्या पाइपाला किमान १३५ मिमी. जुन्या हूपचे बाक तापवून काढलेले होते आणि आतल्या अंगाला पाइप चेपून सुरकुत्या पडल्या होत्या. गाडी उलटली की पाइप आधी तिथंच दुमडतो.

वेल्डचंही तेच. हूप गाडीतच जोडला तर छताच्या बाजूनं वेल्डिंगची टॉर्च शिरत नाही, अर्धा सांधा कोराच राहतो. तो पुट्टी आणि पावडर कोटिंगखाली झाकून दिला होता. तुम्ही गाडीत फक्त टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारलेत, हूप बाहेर काढलात आणि कामाच्या टेबलावर फिरवून फिरवून सगळीकडून वेल्ड पूर्ण केलात. मागचे टेकू बोल्टच्या सांध्यावर ठेवलेत म्हणून हे जमलं.

सगळ्यात जास्त राग पायांचा येतो. जुन्या पिंजऱ्याचे पाय जमिनीच्या पत्र्यावर नुसते वॉशर लावून कसले होते. एक मिलिमीटरही जाड नसलेला तो पत्रा! छतावर भार आला की असा पाय पत्रा फाडून खाली जातो आणि पिंजरा असून नसल्यासारखा. मुख्य पायाखाली ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट बॉडीला वेल्ड केलेली लागते, आणि प्रत्येक पायाला निदान तीन एम ८ (८ मिमीचे) बोल्ट, ८.८ या मजबुतीच्या ग्रेडचे. डोक्यावर ग्रेड कोरलेला नव्हता तो प्रत्येक बोल्ट तुम्ही भंगारात टाकलात.

हार्नेसचे खांद्याचे पट्टे त्यांनी मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टांना, थेट जमिनीत अडकवले होते. पट्टा सीटच्या वरच्या काठापासून मागं जाताना आडव्या रेषेखाली ४५ अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये, १० च्या आत असला तर उत्तम. जास्त उतरला की धडकेत तो खांदे खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. तुम्ही हूपला आडवी दांडी दिलीत आणि पट्टे तिच्यावरून घेतलेत. कमरेचा पट्टा पोटावर येत होता, तो खाली घेऊन मांडी आणि ओटीपोटाच्या घडीत, हाडावर बसवलात. खालच्या अँकरना ४० चौरस सेंटिमीटरच्या ३ मिमी प्लेट दिल्यात.

कट-ऑफ दाबल्यावर इंजिन चालूच राहायचं, हे तर आम्हाला ठाऊकच नव्हतं, कारण दुकानात कुणी इंजिन चालू ठेवून तो दाबून दाखवलाच नाही. बॅटरी तुटली तरी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) इग्निशनला वीज देत राहतो. तुम्ही सहा टर्मिनलचा स्विच लावलात: बॅटरीला दोन, इग्निशनला दोन, आणि उरलेले दोन अल्टरनेटरची वीज रेझिस्टरमधून जिरवायला. कट-ऑफ बाहेरून ओढायची खेच काचेच्या बुडाशी आणून निळा त्रिकोणही चिकटवलात, मार्शलला (शर्यतीवर मदतीला उभ्या माणसाला) लांबून दिसेल असा. बाटलीची प्लॅस्टिकची क्लिप काढून धातूचे दोन पट्टे दिलेत. दोन किलो पावडरची बाटली भरून साडेतीन-चार किलोची होते. २५ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या २५ पट) झटक्याला ती शंभर किलोच्या आसपास ओढ देते, तिथं क्लिपचं काय चालणार!

आणि तुमचा नकार. ही गाडी रोज बाजारातही जाते, म्हणून पुढचे पाय आणि दारातले पाइप लावायला तुम्ही साफ नाही म्हणालात. हेल्मेट नसलेलं डोकं त्या पाइपावर आपटलं तर साध्या धडकेतही जीव जाईल, हे तुम्ही मोठं बिल सोडून सांगितलंत. मागं माणूस बसवायचा नाही हे दोनदा बजावलंत, रस्त्यासाठी कंपनीचा तीन टोकी बेल्ट जागेवरच ठेवलात. आणि हूपशिवाय हार्नेस मागणाऱ्या पोराला परत पाठवलंत, कारण छत खाली आलं तर आवळलेल्या माणसाला बाजूला झुकायलाही जागा उरत नाही.

नियम वाचणारे पुष्कळ आहेत. पण समोरचं पोर कुणाचं तरी आहे एवढं मनात धरून काम करणारा माणूस भेटला की या धंद्यावर, खरं तर माणसांवरच, पुन्हा विश्वास बसतो. असे लोक गॅरेजात असतात, दवाखान्यात असतात, तहसीलच्या खिडकीमागंही असतात. त्यांचं नाव कुणी घेत नाही आणि तेही घेऊ देत नाहीत.

हार्नेसच्या लेबलवरची मुदत वहीत लिहून ठेवली आहे. उन्हात पट्ट्याचा धागा कमजोर होतो म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्यावर सुती कापड टाकतो. बीड आणि परभणीची दोन पोरं गाड्या घेऊन तुमच्याकडं यायची म्हणतात. त्यांच्या बिलात डोळे मिटून माप घेण्याची मजुरी नक्की धरा, आणि आमची राहिलेली दोन ब्रॅकेटची मजुरी आता तरी घ्या.