साच्याचे प्लास्टर आणि दुखणारे मनगट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशमूर्ती शाडूच्या मातीच्या असाव्यात, या आग्रहाला आता सरकारी पाठबळ मिळाले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरून बराच खल झाला, आणि मुंबई महापालिकेने मूर्तिकारांना शाडूची माती मोफतही दिली. या सगळ्या चर्चेत प्लास्टर हा केवळ खलनायक म्हणून येतो. परंतु शाडूची मूर्ती एकसारखी आणि वेळेत घडवायची तर माती ज्या साच्यात दाबायची, तो साचा बहुतेक वेळा प्लास्टरचाच असतो, आणि तो कुठेही विसर्जित होत नाही. नीट सांभाळला तर अनेक हंगाम कारखान्यात राहतो. पेण, हमरापूर, जोहे या भागात आणि आता शहरांतील घराघरांत, छोट्या मूर्ती व पणत्या करणाऱ्या स्त्रिया हे साचे स्वतः ओतू लागल्या आहेत. त्यांच्यापैकी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकींची एक तक्रार मी सतत ऐकते आणि संधिवातामुळे स्वतःही अनुभवते, ती म्हणजे प्लास्टर कालवताना मनगट आणि अंगठ्याचे मूळ असह्य दुखते. या तक्रारीवर उपाय आहेत, ते फारसे खर्चिकही नाहीत, परंतु ते कोणी शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

जिप्सम हा खनिज दगड सुमारे दीडशे अंश सेल्सिअसला भाजला की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते आणि उरते ती प्लास्टरची भुकटी. तिच्यात पुन्हा पाणी घातले की ती ते पाणी परत घेते, तिचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि लगदा घट्ट होतो. या क्रियेला खरे तर शंभर ग्रॅम प्लास्टरमागे जेमतेम एकोणीस ग्रॅम पाणी लागते. साच्यासाठी आपण सुमारे सत्तर ग्रॅम घालतो, कारण गरजेपेक्षा जास्तीचे पाणी नंतर उडून जाते आणि त्याच्या जागी राहिलेली सूक्ष्म छिद्रे ओल्या शाडूतील पाणी शोषून घेतात. म्हणूनच माती साच्यातून सुटते. पाणी कमी पडले तर साचा शोषत नाही, जास्त झाले तर तो ठिसूळ होतो आणि नाकाडोळ्यांची रेषा काही मूर्तींतच बोथट होते.

ज्यांचा हात दुखतो त्यांना नेमका इथेच मोह होतो. लगदा सैल असला की डाव सहज फिरतो, म्हणून त्या अंदाजाने आणखी पाणी ओततात आणि पुढे साचा लवकर झिजला की प्लास्टर वाईट होते असे म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे घट्ट होऊ लागलेल्या लगद्यात पाणी घालून तो पुन्हा ढवळणे. त्यात नुकतेच जुळू लागलेले स्फटिक मोडतात, लगदा दिसायला पातळ होतो, पण साच्याला बळ येत नाही, आणि सगळ्यात जास्त जोर याच वेळी हाताला लावावा लागतो. तो लगदा टाकून द्यावा, हे बरे.

एका प्रशिक्षण शिबिरात आम्हाला सांगितले गेले की, हात थांबवू नका, गुठळी राहता कामा नये. हा सल्ला वरवर बरोबर वाटला तरी सगळे दुखणे त्यातूनच सुरू होते. गुठळ्या होतात त्या ढवळणे कमी पडले म्हणून नव्हे, तर भुकटीवर पाणी ओतले म्हणून, किंवा भुकटी एकाच वेळी पाण्यात लोटली म्हणून. पद्धत उलटी हवी. आधी बादलीत पाणी मोजून घ्यावे, मग वजन केलेले प्लास्टर चाळणीतून किंवा मुठीतून पाण्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे पसरत भुरभुरावे आणि तोवर ढवळू नये. भुकटी पाणी पिते, काळवंडते आणि हळूहळू बुडते. शेवटी शेवटी कोरडी बेटे पाण्यावर दिसू लागतात आणि तीही भिजून जातात. सगळी भुकटी पडली की हात बाजूला ठेवून एक-दोन मिनिटे नुसते थांबावे. या वेळात प्रत्येक कण आपोआप भिजतो, आतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते आणि हातांनी करायचे निम्मे काम पाणीच करून टाकते. त्यानंतर दोन-तीन मिनिटे, तळ आणि कडा सोडवत, सावकाश ढवळले की पुरे. बोटावर घेतलेला लगदा पातळ सायीसारखा पसरून राहिला आणि डावाची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकली की तो ओतण्याजोगा झाला. त्याच्या पुढे ढवळत राहणे निरुपयोगीच नव्हे, तर हानिकारक आहे, कारण जास्त घुसळलेले प्लास्टर लवकर धरते आणि ओतायला वेळच मिळत नाही. अर्थात अजिबात न ढवळताही चालत नाही. अर्धवट मिसळलेला साचा एका जागी कठीण आणि दुसऱ्या जागी भुसभुशीत निघतो.

घाई हेही दुखण्याचे एक कारण आहे. पाणी कोमट असले, बादलीत किंवा डावावर मागच्या वेळचे वाळलेले प्लास्टर चिकटलेले असले, किंवा पाण्यात मीठ असले, तर नवे प्लास्टर झपाट्याने धरते आणि मग माणूस जिवाच्या आकांताने ढवळू लागतो. म्हणून भांडे स्वच्छ, पाणी गार आणि गोडे असावे. ज्यांना सावकाशच काम करावे लागते, त्यांनी पाण्यात आधी किंचित सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवावे. किलोभर प्लास्टरला अगदी चिमूटभर पुरते, जास्त झाले तर साचा कच्चा राहतो, त्यामुळे थोड्या लगद्यावर चाचणी घेतल्याशिवाय ते वापरू नये. कोकणातल्या दमट हवेत उघड्या गोणीतले प्लास्टर पावसाळा ओलांडला की ओल धरते. त्यात खडे होतात आणि ते फोडायला हातच राबतात. पंचवीस किलोची गोणी उचलून ओतण्यापेक्षा झाकणाच्या पिंपात साठवून ओगराळ्याने हवे तेवढे काढून घेणे शहाणपणाचे, कारण अनेकींची कंबर आणि खांदा ढवळण्याने नव्हे, तर गोणी उचलण्याने जातो.

हाताने ढवळायचेच असेल तर बारीक दांड्याचा चमचा टाळावा. ज्या बोटांना मूठ वळताना त्रास होतो, त्यांना जाड दांडा धरणे सोपे जाते. लाकडी डावाला जुन्या सायकलची रबरी मूठ किंवा कापडी पट्ट्या गुंडाळल्या तरी फरक पडतो. घमेले ओल्या कापडावर, कोपराच्या उंचीच्या टेबलावर ठेवावे म्हणजे दुसऱ्या हाताने ते आवळून धरावे लागत नाही आणि मनगट न वळवता खांद्यापासून हात फिरवता येतो. जमिनीवर उकिडवे बसून खाली वाकून ढवळण्याची आपली सवय मात्र मोडायला हवी.

ड्रिल मशीनला रंग ढवळण्याची दांडी लावणे हा उपाय बहुतेकांना सुचतो आणि तो चांगला आहे, पण तो जसा सांगितला जातो तसा नाही. ड्रिलचे वजनच दीड-दोन किलो, त्यात त्याचे कंपन आणि लगदा जड झाला की मनगटाला बसणारा झटका. म्हणजे ढवळण्याचा त्रास जाऊन धरण्याचा त्रास येतो. म्हणून ड्रिल हातात न धरता स्टँडला बसवावे आणि खाली बादली ठेवावी. वेग कमीत कमी ठेवावा आणि दांडीचे पाते सतत लगद्यात बुडालेले असावे. भोवरा पडला की हवा आत ओढली जाते आणि ते बुडबुडे साच्याच्या आतल्या पृष्ठभागावर, नेमके मूर्तीच्या गालावर, खड्डे होऊन उमटतात. स्वयंपाकघरातला ब्लेंडर याच कारणासाठी कामाचा नाही. तो लगदा फेसाळून टाकतो. भिजवून ठेवलेल्या प्लास्टरला यंत्राने साधारण मिनिटभर पुरते. काम झाल्याबरोबर तीच दांडी पाण्याच्या बादलीत फिरवून धुवावी, आणि ते पाणी मोरीत ओतू नये, कारण प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होते आणि नळी कायमची बुजते. ओल्या जागी वीज वापरायची असल्याने घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळ, बसवलेली असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

दांडा धरवत नाही म्हणून उघड्या हाताने कालवणाऱ्याही अनेक जणी आहेत. घट्ट होताना प्लास्टर तापते आणि दुखऱ्या सांध्यांना ती ऊब बरी वाटते, त्यामुळे हात काढून घ्यावासा वाटत नाही. ही सवय धोकादायक आहे. मोठ्या गोळ्याचे तापमान साठ अंशांपर्यंत जाऊ शकते आणि एकदा घट्ट झाले की हात बाहेर निघत नाही. २००७ मध्ये इंग्लंडमधील लिंकनशायरमध्ये एका शाळकरी मुलीने स्वतःच्या हातांचा ठसा घेण्यासाठी ते प्लास्टरच्या बादलीत ठेवले आणि भाजल्यामुळे तिला बोटे गमवावी लागली. त्या शाळेला पुढे न्यायालयाने दंड ठोठावला. शिबिरांत मुलेही असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मोठ्या साच्यासाठी एकदम दहा किलो कालवण्याची गरज नसते. एक-एक किलोचा लगदा करून पहिला थर पातळ द्यावा, तो ओलसर असतानाच पुढच्या थरांत नारळाचा काथ्या भिजवून बसवावा. असा साचा पातळ असूनही मजबूत होतो, उचलायला हलका पडतो आणि दर वेळी ढवळायचे ते थोडेच. आमच्याकडचे जुने मूर्तिकार काथ्या मूर्तींसाठी वापरत आले आहेत, त्यामुळे त्याचे तंत्र नव्याने शिकायलाही नको.

माझी मागणी मर्यादित आहे. हार्डवेअरच्या दुकानांतून प्लास्टर सुट्या पिशव्यांत विकले जाते, त्यावर ना तारीख असते, ना पाण्याचे प्रमाण, ना ते किती मिनिटांत धरते याची माहिती. निदान एवढे तरी पिशवीवर छापणे किंवा लिहिणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे. महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा उद्योग केंद्रे शाडूच्या मूर्तींची जी शिबिरे घेतात किंवा ज्यांना मदत करतात, तिथे साचा ओतण्याचे एक सत्र असावे, त्यात वजनकाटा वापरायला शिकवावे, आणि बचत गटांना सामायिक वापरासाठी स्टँडसह एक ड्रिल द्यावे. मातीच्या मदतीच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्कही त्यातच द्यावेत. दमट हवेत साचे नीट वाळत नाहीत, त्यामुळे ते पावसाळ्यापूर्वीच करावे लागतात. तेव्हा ही व्यवस्था उन्हाळी शिबिरे सुरू होण्याआधी व्हावी, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक मूर्तिकार वाचक,
पेण, जि. रायगड