सेटीचा कर्ता बैठकीखाली शोधावा

संपादक महोदय,

इंग्लंडमधल्या जॉर्जियन काळातली (साधारण अठराव्या शतकातली) रंगवलेली, सोनेरी सेटी, म्हणजे पाठ आणि हात असलेले लांब बैठे आसन, दिसली की ती फर्निचरकार जॉर्ज हेपलव्हाइटची म्हणून मोकळे व्हायचे, ही घाई खटकते. त्याचा नमुनासंग्रह १७८८मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघाला आणि तो कोणत्याही कारागिराला वापरता येत होता. त्याच्या हातची म्हणून सिद्ध झालेली एकही वस्तू नाही!

आधी सेटी उलटी करा. बैठकीच्या चौकटीच्या, बीच लाकडाच्या पट्ट्यांना आतून क्लॅम्पसाठी (सांधे आवळून धरणाऱ्या शिकंज्यासाठी) पाडलेल्या खाचा त्याच काळातला लंडनचा फर्निचरकार थॉमस चिपेंडेल याच्या कारखान्याची खूण मानतात. पण त्या इतरांच्या कामातही सापडतात. गिलोज या इंग्लिश फर्निचर कंपनीचा ठसा मिळाला तर उत्तमच. सोन्याच्या वर्खाखाली खडू-सरसाचे पांढरे अस्तर हवे. वर्खाऐवजी काळवंडलेला ब्राँझ रंग दिसला, तर तो बहुधा नंतरच्या डागडुजीचा. त्यावरून कर्ता ठरवू नये. भक्कम पुरावा म्हणजे मूळ बिल. यॉर्कशायरमधल्या नॉस्टेल प्रायरी या वाड्याला चिपेंडेलने दिलेली बिले आजही उपलब्ध आहेत.

– एक वाचक