कोयासानहून, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

आई, तू फोनवर रोज विचारतेस खायचं काय करतेस, तर आज नीट सांगते, कारण काल रात्री मी इतकी छान जेवलेय की तुम्ही दोघं इथे हवे होतात असं सारखं वाटत होतं. सध्या जपानमधल्या कोयासानला, डोंगरावरच्या बौद्ध तीर्थक्षेत्री आहे. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून ट्रेन, मग केबल कार, मग बस, आणि वर ८०० मीटरवर हे गाव, गाव कसलं, शंभरावर देवळंच आहेत, त्यातल्या पन्नासेक देवळांत राहायची सोय आहे. मी पण अशाच एका देवळात उतरलेय.

इथलं जेवण भिक्षूंचं, शोजिन र्योरी म्हणतात. मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूण पण नाही, म्हणजे तुझ्या चातुर्मासात सहज बसेल. बाहेर मात्र शाकाहारी माणसाचे खरंच हाल होतात, साध्या नूडल्सच्या रश्शात पण सुकवलेल्या माशाचं पाणी असतं, विचारल्याशिवाय काही तोंडात घालायची सोय नाही. इथे तेच पाणी कोम्बू म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचं आणि शिताके मशरूमचं करतात. आणि गोमादोफू! दिसायला तोफू पण त्यात सोयाबीन नाहीच, तीळ अगदी गंधासारखे वाटायचे, त्यात कुझू नावाच्या वेलाच्या मुळाचं सत्त्व घालायचं आणि मंद आचेवर हात न थांबवता घोटत राहायचं, मग गार करून वड्या. वर जराशी वासाबी आणि सोया सॉस. जिभेवर ठेवली की विरघळते, फक्त तिळाची चव मागे राहते. तुला फार आवडेल आई, तुझ्या हातालाही जमेल.

बाबा, तुमच्यासाठी ओकुनोइन, म्हणजे इथलं समाधिस्थान. जुन्या उंचच उंच सीडर झाडांमधून दोनेक किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या, आणि शेवटी, एक पूल ओलांडून, कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांचं स्थान. त्यांनी ८१६ मध्ये हे क्षेत्र उभारायला घेतलं, आणि ८३५ पासून ते आत ध्यानाला बसलेत अशी लोकांची श्रद्धा, आपल्या आळंदीला माऊलींबद्दल आहे तशीच. म्हणून आजही सकाळी ६ ला आणि साडेदहाला भिक्षू लाकडी पेटीतून त्यांचं जेवण घेऊन जातात, आणि वाटेत आधी जिझो नावाच्या बोधिसत्त्वाच्या मूर्तीपुढे ठेवतात, चव बघायला! मी सकाळी थंडीत उभी राहून बघितलं, डोळ्यात पाणीच आलं. त्या पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत, त्यामुळे दाखवता येणार नाही.

त्याआधी नारा हे जुन्या राजधानीचं शहर झालं. तिथल्या मोठ्या बुद्धाचे डोळे ७५२ साली भारतातून आलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने रंगवले, आणि ब्रशला लांब दोऱ्या बांधल्या होत्या, त्या धरून जमलेल्या लोकांनाही त्या कामात हात लावता आला. हे वाचून मी तिथे किती वेळ उभी होते.

आता कामाचं. पुढच्या वर्षी तुम्ही दोघांनी यायचंच, ऑक्टोबरच्या शेवटी, पानं लाल होतात तेव्हा, हिवाळ्यात बर्फ असतो ते तुम्हाला नको. बाबांच्या गुडघ्यांचं मी इथे विचारलंय, जेवायला खुर्ची देतात, झोपायचं मात्र खाली गादीवर, म्हणून एक रात्रच इथे आणि बाकी ओसाकात हॉटेल. बाबा, तुमचे पासपोर्ट कधी संपतायत ते बघून मला लगेच कळवा.

तुमची,
लेक