कोविडात चर्च बंद ठेवली त्याबद्दल

माननीय संपादक,
सप्रेम सलाम.

हल्ली आमच्या वास्कोत प्रार्थनेची बैठक असो की लग्नाची पंगत, कोविडचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, तेव्हा चर्च बंद केली तिथंच आपला विश्वास कमी पडला, खरा विश्वास असता तर घाबरलो नसतो. मला हे ऐकवत नाही. मी नर्स होते, ती दोन्ही वर्षं ड्युटीवर होते, म्हणून लिहितेय.

मी मूळची नगरची, पण गोव्यात पंचवीस वर्षं झाली. आमची मराठी मंडळी लहान, उपासना भाड्याच्या हॉलमध्ये. 27 मार्च 2020 च्या रात्री रोमच्या त्या रिकाम्या चौकात पोप फ्रान्सिस पावसात एकटेच प्रार्थना करत होते ते टीव्हीवर लागलं, आम्ही प्रॉटेस्टंट, तरी घरातले सगळे आपोआप उभे राहिलो. मग 12 एप्रिलचा ईस्टर मोबाईलवर, नेट सारखं अडकायचं, अर्धा उपदेश गेला. एप्रिलच्या मध्याला गोव्यात एकही अ‍ॅक्टिव्ह पेशंट उरला नाही आणि सगळ्यांना वाटलं सुटलो बाबा, आणि जून लागला तोच आमच्या इथली मांगोर हिल कंटेनमेंट झोन झाली.

बरं, बंद काय फक्त चर्चच होती का? म्हापशाची मिलाग्रीस सायबीण म्हणजे मारियामाय आणि शिरगावची लईराई देवी, लोक त्यांना बहिणी मानतात, त्या वर्षी दोघींच्याही दारी गर्दी नव्हती. मग सगळ्या गोव्याचाच विश्वास आटला म्हणायचं?

जे लोक असं बोलतात ते नेहमी बायबलातलं स्तोत्र 91 काढतात, मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही वगैरे. मलाही ते स्तोत्र पाठ आहे, नाईट ड्युटीला जाताना मी तेच म्हणायचे. पण बायबलातलाच मत्तयाचा चौथा अध्याय पण वाचा ना, तिथं सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि उडी टाक म्हणतो आणि नेमकं हेच स्तोत्र ऐकवतो, देवदूत तुला झेलतील म्हणून. येशूने उडी टाकली नाही, देवाची परीक्षा पाहायची नाही असं म्हणाला. मास्क न लावता शंभर माणसं एका हॉलमध्ये कोंबणं ही माझ्या मते तीच उडी आहे, फक्त आपल्याबरोबर शेजारची म्हातारी पण ढकलली जाते.

आपल्याच पंडिता रमाबाईंचं बघा. 1897 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, तेव्हाच पुण्यात प्लेग, एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी नाही. त्या हट्टाला पेटल्या नाहीत, मुलींना घेऊन केडगावच्या शेतावर गेल्या. नियम पाळला आणि एकही मुलगी वाऱ्यावर सोडली नाही.

मे 2021 मध्ये आमच्या वॉर्डात एक कॅथलिक आजोबा होते, मुलगी आखातात, विमानं बंद. तिचा फोन आला की मी मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या कानाशी धरायचे आणि ती तिकडून कोंकणीत 'सर्गींच्या आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची, आजोबांचे ओठ ऑक्सिजनच्या मास्कखाली हलायचे, मास्कवर वाफ यायची जायची. शेवटच्या दिवशी वाफ थांबली तरी ती म्हणतच होती, आणि मला तिला थांबवता आलं नाही. दफनाला पीपीई किटमधली चार माणसं. ते चर्च नव्हतं असं मला कोणी सांगू नये. 'मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात' हे येशूचंच बोलणं आहे ना.

त्या वेळी आमच्या मंडळीने एक वही केली होती, एकटं कोण राहतं, कोणाला शुगरच्या गोळ्या लागतात, कोणाच्या गेटला पेजेचा डबा अडकवायचा. शेजारचे कॅथलिक, हिंदू सगळ्यांची नावं त्यात. शेवटची नोंद ऑगस्ट 2021 ची आहे, नंतर चर्च उघडली आणि वही कपाटात गेली. विश्वास कमी पडलाच असेल तर तो इथं, साथ गेल्यावर. त्यातली निम्मी माणसं अजून एकटीच राहतात, मुलं लंडनला नाहीतर दुबईला. मी पाळकांना सांगितलंय, येत्या रविवारी वही बाहेर काढू, फोन करायचं काम मी घेते, इतर चर्चमधल्या कोणाकडे अशी वही पडून असेल तर त्यांनीही काढावी.

आपली,
एक निवृत्त नर्स, वास्को