तेरवीला काय बोलायचं

नागपूर,
रविवार, रात्र

प्रिय विनू,

काल फोनवर तू विचारलंस, "आईच्या तेरवीला मी काय बोलू रे? आमचं पटत नव्हतं हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, मी कोणत्या तोंडानं उभा राहू?" तेव्हा मला काही सुचलं नाही. तुझा गळा भरून आला होता, माझाही. रात्रभर तेच डोक्यात राहिलं, म्हणून आज लिहायलाच बसलो.

आधी माझ्या वडिलांचं, बापूंचं सांगतो. ते गेले तेव्हा तू पुण्याहून पोहोचू शकला नाहीस, आणि मोक्षधाम घाटावर काय झालं ते मी तुला कधी धड सांगितलंच नाही. अग्नी दिला, मंडळी शेडखाली आली, शोकसभा सुरू झाली. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. कपालक्रियेपर्यंत थांबायचं असतं, तेवढ्यात चार-पाच जण बोलतात, मग दोन मिनिटं मौन. मला ही रीत मनापासून आवडते. चिता पेटलेली असताना गावानं त्या माणसाबद्दल उभं राहून काही बोलावं, ही लहान गोष्ट नाही. पण त्या दिवशी बोललेल्या पाचांपैकी तिघं बापूंना नीट ओळखतही नव्हते. एकानं त्यांना 'कामगारांचा बुलंद आवाज' केलं. दुसऱ्यानं एम्प्रेस मिलचा इतिहास सांगितला. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ला सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून ते नाव. सगळं खरं होतं, पण बापू त्यात कुठेच नव्हते.

बापूंचा आवाज मोठा होता, पण त्याचं कारण वेगळं. विणाई खात्यातल्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखायचे. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून काही बोलली की त्यांना कळायचं नाही. म्हणून ती जन्मभर हातातलं काम थांबवून, वळून, त्यांच्याकडे तोंड करून बोलत आली. ते गेल्यावर कितीतरी दिवस, काही सांगायचं झालं की ती आधी त्यांच्या खुर्चीकडे वळायची.

हे घाटावर मी सांगायला हवं होतं. मला माइकपाशी उभं केलं तेव्हा "आपण सगळे आलात, आभारी आहे" एवढंच बोलून मी बाजूला झालो. बारा वर्षं झाली, अजून टोचतं. तुझ्या वाट्याला ते येऊ नये असं फार वाटतं.

आता मावशीचं, तुझ्या आईचं. परवा गंगाबाई घाटावर चार जण बोलले. प्रेमळ, धार्मिक, कष्टाळू. कुणाच्याही आईला लावावेत असे शब्द. आणि जिनं शेवटची तीन वर्षं तिचं सगळं केलं, ती तुझी ताई दारातच थांबली होती. हल्ली आपल्याकडे बायकाही घाटावर येतात, पण तिला कुणी 'चल' म्हटलं नाही. मीही नाही.

काटोलला तुझे आजोबा गेले ते आठवतं? आपण सातवीत होतो. आजी हेल काढून रडत होती. "बैलाइले पानी कोन दाखवन वं माय, बगीच्याचं ओलीत कोन करन..." तुझे काका तिला गप्प करत होते, लोकांसमोर बरं दिसत नाही म्हणून. त्या वेळी मलाही लाज वाटली होती. आज वाटतं, त्या माणसाबद्दल त्या दिवशी खरं बोललं ते तिनंच. त्यात एकही विशेषण नव्हतं. पाणी, बैल, बगीचा, आणि आता कोण. आपण शिकलो, माइक आणला आणि बायकांचं ते बोलणं मात्र बंद पाडलं.

वर्गात पेरिक्लिसचं भाषण शिकवताना दर वर्षी मी एका जागी अडखळतो. स्पार्टाशी झालेल्या युद्धाच्या पहिल्या वर्षी पडलेल्या अथेन्सच्या सैनिकांसाठी, इ.स.पू. ४३१ मधलं ते भाषण. एवढं थोर, आणि शेवटी विधवांना सांगणं काय, तर जिचं नाव पुरुषांत बऱ्यावाईट कशासाठीही कमीत कमी निघतं, ती बाई मोठी. रोममध्ये सीझर आपल्या आत्यासाठी, जूलियासाठी, भर सभेत बोलला. त्याच सुमारास तरुणपणी गेलेल्या बायकोसाठीही बोलला. तरुण बाईसाठी असं बोलायची तिथे रीत नव्हती, तरी लोकांना ते भावलं. लांब कशाला जायचं, इंदोऱ्यात माझ्या सहकाऱ्याच्या घरी पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्धांच्या शोकसभेला, गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झालं आणि बोलायला सगळ्यात आधी त्याची बहीण उभी राहिली, मग दोन्ही सुना. कुणाला त्यात नवल वाटलं नाही.

म्हणून आधी ताईला विचार. ती नाही म्हणेल. पुन्हा विचार.

आणि तुमचं पटत नव्हतं म्हणून तू मागे राहू नकोस. १९१५च्या फेब्रुवारीत गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावर होते. ते खाली उतरले, पुण्याच्या स्मशानात आले आणि बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ही वेळ टाळ्यांची नाही, अश्रू ढाळायची आहे, असं त्यांनी सुनावलं. दोघांचा जन्माचा विरोध अख्ख्या गावाला ठाऊक होता. त्यामुळेच टिळकांनी गोखल्यांना महाराष्ट्राचं रत्न म्हटलं, त्याला वजन आलं. तुझं भांडण लपवू नकोस. घर विकण्यावरून ती तुझ्याशी दोन वर्षं बोलली नाही, ते सांग, आणि त्या दोन वर्षांतही दर हिवाळ्यात सांबारवडीचा डबा पुण्याला येत होता, तेही सांग. मीच तो बसमध्ये ठेवून यायचो. तुझं नाव घेणार नाही म्हणायची, आणि डब्यावर चिकटपट्टी लावून वर तुझं नाव लिहायची.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. गल्लीत कुणी गेलं की त्या घरी पहिला पिठलं-भाकरीचा डबा मावशीचा असायचा, हे तू पाहिलंयस. पण ती नुसता डबा ठेवून यायची नाही. बापू गेले त्या रात्री आईशेजारी भिंतीला टेकून बसली. 'असं कसं झालं', 'देवाची मर्जी', यातलं काही नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्यांना पिठल्यात लसूण चालायचा का वं?" दिवसभर गप्प असलेली आई बोलायला लागली. चालायचा, पण ठेचलेला, चिरलेला नाही. मग मिलमधून आले की आधी काय मागायचे, आजारपणात काय सोडलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदा तिनं काय बिघडवलं होतं. रात्री दोनपर्यंत. मी बाहेरच्या खोलीतून ऐकत होतो. घाटावर झाली नाही ती बापूंची शोकसभा मी तिथं ऐकली. तेरवीला कुणाला विचारून पाहा, गल्लीतल्या किती घरांत ती अशी बसली असेल.

बाकी बारीकसारीक. लिहून आण, पाच मिनिटांच्या वर नको. कोण कोण आले त्यांची नावं घ्यायचं काम माझ्यावर सोड, ते तुझं नाही. गळा भरून आला तर थांब, लोक थांबतील.

ताईचा फोन लागत नाही, मी उद्या कॉलेज सुटल्यावर घरीच जाऊन येतो. आईनं तिच्यासाठी पिठलं करून द्यायचं ठरवलंय.

तुझाच,
दिगू